भातेरावांची फर्माईश

गावाकडून थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन आला तेव्हा भातेराव आपल्या अकॉर्डियनची बटणं मऊ फडक्याने पुसत बसले होते. हे काम ते दर रविवारी करत, आणि ते चालू असताना घरात कोणी शिंकलेलंसुद्धा त्यांना खपत नसे.

"सगळं बरं आहे रे," आक्का म्हणाली. "विहिरी आटल्यात, एवढंच. शाळेत मुलांचं जेवण चाललंय. दोन वेळांचं एक वेळ केलंय, पण चाललंय."

"आणि तू? तू जेवलीस का?"

"केव्हाच! हे काय विचारणं झालं?" आक्का म्हणाली. आणि मग फोनवरच, तोंड मिटून, गुणगुणायला लागली. चारच सूर. वर चढायचे, काहीतरी विसरल्यासारखे मध्येच थबकायचे आणि हळूच परत खाली यायचे.

भातेरावांच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं.

ते लहान होते तेव्हा घरातले डबे रिकामे झाले की आक्का त्यांना मांडीवर घ्यायची आणि हेच चार सूर गुणगुणायची. त्यांनी भोकाड पसरलं की हाताने त्यांचे ओठ मिटायची. "तोंड बंद ठेवून म्हण," सांगायची. "तोंड उघडलं की पोटाला आठवण होते." तिला वाटलं असेल, आपण फोनवर काहीच सांगितलं नाही. तिने सगळं सांगितलं होतं.

आता भातेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अकॉर्डियनला भाता असतो, हे त्या नावाचं एक कारण. आणि अपमान झाला की ते स्वतः आधी फुगत आणि मग नाकाने सावकाश हवा सोडत, हे दुसरं. पाणीपुरवठा खात्यात ते वरिष्ठ कारकून होते, त्यामुळे हवा सोडायचे प्रसंग वरचेवर येत. एकदा साहेब त्यांना चारचौघांत टाकून बोलले, तेव्हा भातेरावांनी सोडलेल्या श्वासाने शेजारच्या टेबलावरचे कागद उडून खिडकीबाहेर गेले आणि एका अख्ख्या पेठेला त्या महिन्यात पाण्याचं बिलच आलं नाही. यावर विश्वास बसत नसेल तर त्या पेठेत जाऊन विचारावं. लोक अजून त्या श्वासाबद्दल आदराने बोलतात.

"किती वेळ त्याच एका बटणाकडे बघताय?" बायकोने विचारलं.

"आक्काकडे धान्य पाठवायला हवं."

"त्या म्हणाल्या का तसं?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

भातेराव फुगले, पण हवा न सोडताच पुन्हा बटणं पुसायला लागले. लहानपणी आपल्या घरात काय नव्हतं, हे कोणाला कळू द्यायचं नाही, हा त्यांच्या प्रतिष्ठेचा पाया होता. आणि पाया कोणी उकरून दाखवत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोलाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं. ताट बोटाने शेवटच्या कणापर्यंत पुसून खायची त्यांची सवय ती बिचारी 'घरचं वळण' समजत होती.

"एक पोतं घेऊ," बायको म्हणाली. "उद्याच घेते. आक्का आपल्याकडून पैसे घेत नाहीत, पण शाळेच्या नावाने पोतं गेलं तर परत कसं करतील?"

सल्ला इतका चोख होता की गोष्ट इथेच संपायची. पण चांगला सल्ला मिळाला की माणसाला तो आणखी चारचौघांना विचारून बघावासा वाटतो. भातेरावांनी तो आपल्या वाद्यवृंदाला विचारला.

वाद्यवृंद म्हणजे चौघं. अकॉर्डियनवर भातेराव. व्हायोलिनवर निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची कुठलीही धून थोडी उशिरा पोचायची, पण पोचायची नक्की. ड्रमवर शिंपीदादा. आणि गायक म्हणून दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना "आ करा" म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी स्वतः आ करायचा, असं त्यांचं आयुष्य समतोल होतं. तालीम शिंप्याच्या दुकानात चाले. समोर अर्धवट शिवलेले कोट अंगावर घेतलेले बिनडोक्याचे पुतळे उभे असत. एवढे शांत श्रोते त्यांना दुसरीकडे कुठे मिळाले नव्हते.

लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ यांत वाजवून या चौघांच्या अंगात एक नियम मुरला होता : फर्माईश नाकारायची नाही. कोणीही काहीही सांगो, कमरेत वाकायचं आणि तसं करायचं. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या मामांना गाडी गाठायची होती म्हणून यांनी सगळी संथ गाणी दुप्पट वेगाने वाजवली. मामांची गाडी चुकली नाही, पण वऱ्हाड जेवून, हात धुऊन, निरोप घेऊन बसलं तरी लग्न लागायचं होतं. एका निरोप समारंभात निवृत्त होणारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "आता काहीच वाजवू नका." चौघांनी वाद्यं हातात धरून काहीच वाजवलं नाही, आणि तेही इतकं मन लावून, की लोकांनी वन्स मोअर दिला.

"एक पोतं?" शिंपीदादा म्हणाले. "एका पोत्यासाठी तोंड कशाला वाजवायचं? मी ड्रम वाजवतो. ट्रकभर पाठवू!"

"जाहीर कार्यक्रम करू," पोस्टमास्तर म्हणाले. "तिकीट लावून."

"नवं गाणं हवं," डॉक्टर म्हणाले. "खास दुष्काळासाठी. मी म्हणतो."

तीन फर्माईशी झाल्या. भातेराव कमरेत वाकले.

गाणं त्यांनीच लिहिलं. एका कडव्यात विहिरीत उरलेला गाळ होता, दुसऱ्यात रिकामी थाळी आणि दारावर टकटक करणारं मरण, तिसऱ्यात भुकेनं रात्रभर जागं असलेलं लेकरू. चाल मात्र ते चार सूर. "कुठून सुचली हो चाल?" पोस्टमास्तरांनी विचारलं तेव्हा भातेराव अकॉर्डियनचा पट्टा नीट करत म्हणाले, "सुचली."

तालमीचा आवाज शिंप्याच्या दुकानातून नळाच्या पाइपांवाटे वर चढायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा तो आवाज धरून खाली आल्या. त्यांच्या हातात चष्मा होता आणि चेहऱ्यावर काळजी.

"गाणं सुरेख आहे हो," काकू म्हणाल्या. "फक्त ते मरण तेवढं काढा. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत."

"कोण?" शिंपीदादांनी विचारलं. त्यांच्या माहितीप्रमाणे वर काकू एकट्याच राहत.

"मी," काकू म्हणाल्या.

मरण काढलं. एका शब्दाने काय होतंय, असं चौघांनाही वाटलं, आणि एका शब्दाने खरंच काही होत नाही.

जाहीर कार्यक्रमाला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी गाण्याचे शब्द आधी तपासून घ्यावे लागतात. परवाना कार्यालयात भातेरावांना तीन खिडक्यांनी एकमेकींकडे पाठवलं. तिसरीने पुन्हा पहिलीकडे पाठवलं, तेव्हा पहिलीने त्यांना ओळखसुद्धा दाखवली नाही. भातेराव स्वतः सरकारी कारकून. लोकांना खिडकी-खिडकी फिरवायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्यालाच कोणी फिरवावं, याने ते इतके फुगले की रांगेतला पुढचा माणूस जरा सरकला. शेवटी त्यांना परवाना साहेबांसमोर बसवलं.

"दुष्काळ?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठाय?"

"तिकडे, साहेब. माझी थोरली बहीण तिथे शाळेत—"

"जाहीर झालाय का?"

"आक्काने तर—"

"आक्का सक्षम अधिकारी आहेत का?"

भातेराव हो म्हणणार होते. त्यांच्या आयुष्यात आक्काइतका सक्षम अधिकारी दुसरा झाला नव्हता. पण साहेबांनी पेन उचललं होतं.

"आमच्या दप्तरी तिथे दुष्काळ नाही. टंचाईसदृश परिस्थिती आहे. तेवढं म्हणा, माझी हरकत नाही. उलट माहितीचा प्रसार होईल."

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. 'टंचाई'वर ते छान वर गेले, 'सदृश'वर अडकले, आणि 'परिस्थिती'वरून खाली उतरेपर्यंत शिंपीदादांचा ताल संपून ते घाम पुसत बसले होते. शेवटी टंचाईही गेली आणि दुष्काळही गेला. जाहीर न झालेला दुष्काळ गाण्यातून जायला वेळ लागला नाही.

मग भातेरावांना त्यांच्या स्वतःच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही पाणीपुरवठा खात्याचे कर्मचारी ना?"

"हो साहेब."

"आणि तुम्ही स्टेजवर उभं राहून, माइकवरून, विहिरीत गाळ आहे म्हणून सांगणार?"

"साहेब, ती विहीर आपल्या हद्दीत नाही."

"गाण्यात हद्द कळते का? उद्या पेपरात येईल, पाणीपुरवठा खातंच म्हणतं पाणी नाही! लोकांना सांगायचं ते आम्ही सांगू. तुम्ही पाण्याबद्दल गाऊ नका. वाटल्यास वाऱ्याबद्दल गा."

भातेराव फुगले. साहेबांनी टेबलावरच्या कागदांवर हात ठेवला. जुना अनुभव होता. भातेराव हवा सोडत बाहेर आले आणि त्यांनी विहीर काढली.

तिकिटांच्या पैशांत धान्य येणार होतं, पण ट्रक कुठून आणायचा? ट्रक होता गादीवाल्या शेठकडे. शेठच्या दुकानात बसायला खुर्ची नव्हती, नुसत्या गाद्या. माणूस बसला की कमरेपर्यंत आत जायचा. गादीत रुतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणायला आधी उठावं लागतं. शेठचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता.

"ट्रक माझा, डिझेल माझं, ड्रायव्हर माझा," शेठ म्हणाले. "पुण्याचं काम आहे. पण हॉल भरला पाहिजे आणि शेवटपर्यंत भरलेला राहिला पाहिजे. मागे माझ्या दुकानाचा फलक असणार. रिकाम्या खुर्च्यांसमोर तो बरा दिसत नाही. माणसं मध्येच उठली, तर ट्रक माझ्या गोदामातच बरा."

"हो, हो," खालून भातेराव म्हणाले.

"आणि ते लेकरू रात्रभर जागं, ते नको. मी झोप विकतो हो! लोक पोटभर जेवून येणार. त्यांना भूक, रिकामी थाळी, असलं ऐकवलं तर घरी जाऊन झोपतील का? आणि झोपले नाहीत तर म्हणतील, गादीच खराब."

भातेरावांच्या मनात आलं की उठावं, शेठला सांगावं की भुकेलं लेकरू जागंच असतं, मी पाहिलंय. त्यांनी उठायचा प्रयत्नही केला. पण एका हाताने रेटा दिला की दुसरा आत जाई. अखेर शेठनेच त्यांना ओढून उभं केलं, आणि आपल्याला ओढून उभं करणाऱ्या माणसाशी भांडणं त्यांना सभ्यपणाचं वाटेना.

लेकरू गेलं, थाळी गेली, भूक गेली. उरले शब्द चार : 'पाहता पाहता', 'आणि', 'तरीही'. परवाना साहेबांनी सुधारित प्रत पाहिली आणि भुवई वर केली. "तरीही? तरीही कशाला? तरीही म्हटलं की तक्रार आली." आणि 'पाहता पाहता' ऐकून त्यांनी विचारलं, "कोण पाहतंय?" दोन्हींवर काट पडली.

'आणि' मंजूर झालं.

"मला पुरे आहे," डॉक्टर उदारपणे म्हणाले. "त्यात आ आहे. बाकीचं मी बघतो."

काकूंना गाणं आता फार आवडलं. "किती छान झालं! कोणाला काही लागतच नाही."

भातेरावांच्या बायकोने तालीम ऐकली आणि घरी येताना म्हणाली, "तुमच्या गाण्याचा सगळ्यांनी एकेक घास घेतला. आता ताट पुसून ठेवा."

भातेरावांना ते इतकं लागलं की ते फुगायचंही विसरले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आक्काचा पुन्हा फोन आला. मुलांना आज सुट्टी दिली, असं ती म्हणाली. उद्याही देऊ बहुतेक. का, ते तिने सांगितलं नाही. मग हवापाण्याचं बोलली, भावाच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि तोंड मिटून गुणगुणायला लागली. या वेळी बराच वेळ. मध्येच मागून बारीक आवाजांत तेच सूर ऐकू आले. सुट्टी मिळालेली मुलं शाळेतच बसली होती आणि आक्काबरोबर म्हणत होती. त्या दिवशी भातेरावांनाही घास गेला नाही. त्यांनी ताट तसंच सरकवलं, आणि घराच्या इतिहासात पहिल्यांदा त्यांचं ताट न पुसता मोरीत गेलं. बायको बराच वेळ त्या ताटाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पोस्टमास्तरांनी तिकिटं घरोघर जाऊन खपवली होती, आणि दारात उभ्या राहिलेल्या पोस्टाच्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायची लोकांना सवय नसते. मागच्या फाटकाशी शेठचा ट्रक धान्याने भरून उभा होता. स्टेजवरच्या फलकावर एक बाई गादीवर इतकी गाढ झोपली होती की तिच्याकडे बघून पहिल्या रांगेत जांभया सुरू झाल्या. परवाना साहेब मांडीवर मंजूर प्रत घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी काकू, पलीकडे पाणीपुरवठ्याचे साहेब. कडेला शेठ, नजर स्टेजवर नाही, खुर्च्यांवर.

आणि दातांचे डॉक्टर गालाला मफलर बांधून आले.

त्यांची दाढ सुजली होती. गाल असा फुगला होता की भातेरावांनाही हेवा वाटावा. चार दिवस ठणकत होती, पण गावात दातांचे दुसरे डॉक्टर एकच, आणि ते समोरच्याच रस्त्यावरचे. त्यांच्यासमोर जाऊन आ करायचा? शिवाय आयुष्यभर लोकांना "अजिबात दुखणार नाही" असं सांगणाऱ्या या माणसाचा त्या वाक्यावर काडीचा विश्वास नव्हता. आता जबडा उघडतच नव्हता.

"थोडंसं तरी?" शिंपीदादांनी विचारलं. "'आणि'पुरतं?"

"म्म्," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पडदा उघडला. चौघांनी मिळून, म्हणजे साडेतिघांनी, वाद्यांवर वेळ काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन धुनी लोकांनी ऐकून घेतल्या. तिसरीला मागची रांग कुजबुजायला लागली. चौथीला एक कुटुंब उठलं, आणि कुटुंब उठलं की दुसऱ्या कुटुंबाला आपलंही घर आठवतं. खुर्च्या एकामागून एक वर जाऊन आपटायला लागल्या. शेठ वळून वळून बघत होते. मग त्यांनी हाताने दाराकडे खूण केली, आणि दाराशी उभा असलेला ड्रायव्हर किल्ल्या परत द्यायला आत आला.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक दणदणीत आवाज आला. "अहो, ते लग्नात वाजवता ना, उडत्या चालीचं! ते होऊ द्या!"

"हो, हो! तेच!" चारी बाजूंनी लोक म्हणाले. उठलेले थबकले.

फर्माईश आली होती. शिंपीदादांच्या काड्या आपोआप वर गेल्या. पोस्टमास्तरांचा गज तारेवर टेकला. भातेरावांच्या बोटांनी बटणं शोधलीसुद्धा. इतक्या वर्षांची सवय, त्यांची कंबरही वाकली होती. वाजवलं असतं तर हॉल भरलेला राहिला असता. ट्रक गेला असता. सगळे पोटभर नाचून घरी जाऊन झोपले असते.

पण वाकलेले असतानाच भातेरावांना आपल्या बाजूलाच कोणीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं. ते डॉक्टर होते. खुर्चीत बसून, गाल धरून, दुखणं सोसवेना म्हणून तोंड मिटून कण्हत होते. आणि कण्हता कण्हता, इतक्या तालमींनी जिभेवर बसलेले तेच चार सूर त्यांच्या नाकातून येत होते.

भातेराव सरळ उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले.

शिंपीदादांच्या हातून एक काडी पडली.

"आज फर्माईश माझी आहे," भातेराव माइकजवळ आले. त्यांनी आयुष्यात माइकसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. "कार्यक्रमपत्रिकेत एक गाणं आहे. त्यात बरेच शब्द होते, ते आता नाहीत. कोणाचा दोष नाही, आम्ही कोणाला नाही म्हणत नाही. चाल तेवढी उरलीय. ती मला सुचली असं मी म्हणालो होतो. ती मला सुचलेली नाही."

तिसऱ्या रांगेत त्यांची बायको जराशी पुढे झुकली.

"आम्ही लहान असताना घरातले डबे रिकामे असायचे. नेहमी नाही. पण असायचे. तेव्हा माझी थोरली बहीण मला मांडीवर घेऊन हे म्हणायची. तोंड मिटून. तोंड उघडलं की पोटाला आठवण होते, म्हणायची. काल फोनवर तिने तेच म्हटलं, आणि मागे शाळेतली मुलं म्हणत होती." त्यांचा आवाज फुगला, आणि त्यांनी तो खाली ठेवला. "तुम्ही सगळे जेवून आला आहात. मला फक्त एवढंच हवंय की सगळ्यांनी ओठ मिटावेत."

त्यांनी अकॉर्डियनचा भाता हळूच उघडला. डॉक्टरांनी मफलर सैल केला आणि सुरुवात केली. तोंड उघडून गाताना डॉक्टरांचा आवाज कधी असा लागला नव्हता. पोस्टमास्तर थोडे उशिरा पोचले, पण पोचले. शिंपीदादांनी ड्रमवर दोन्ही हात पालथे ठेवले आणि काहीच वाजवलं नाही.

पहिली रांग, मग दुसरी. काकूंनी आधी चष्मा पुसला आणि मग सुरात शिरल्या. पाणीपुरवठ्याचे साहेब मान खाली घालून. परवाना साहेबांनी घाईने मंजूर प्रत उलटून पाहिली. त्यात यावर काही नव्हतं, आणि यात खोडायला शब्द नव्हता. त्यांनी कागद मिटला. मग ओठ मिटले. उठून उभे राहिलेले लोक होते तिथेच राहिले. तेवढा मोठा हॉल बंद तोंडाने, हळू, चार सूर वर चढवत होता, मध्येच थबकत होता, आणि परत खाली येत होता.

संपलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. शेठ तेवढे उठले आणि तडक बाहेर गेले.  फलकावरची बाई शांत झोपलेली होती. आणि मग मागच्या फाटकाशी ट्रकचं इंजिन धडधडत सुरू झालं.

 घरी आल्यावर बायकोने त्यांना वाढलं. भातेरावांनी जेवून नेहमीसारखं बोटाने ताट पुसायला घेतलं, तेव्हा तिने न विचारता त्यात आणखी वाढलं.

"वळण म्हणे," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून गॅस पुसायला लागली. गॅस स्वच्छच होता.

दोन दिवसांनी शेठनी भातेरावांना दुकानात बोलावलं. या वेळी शेठ स्वतःच गादीत रुतून बसले होते, डोळे लाल. दुकानातली एकूण एक गादी त्यांनी आडवं होऊन पाहिली होती म्हणे. कापसाची, स्प्रिंगची, परदेशी फोमची. त्यांना आपल्याच मालावर झोप लागत नव्हती. "डोळा लागायला आला की तुमची ती पोरं नाकात म्हणायला लागतात," ते म्हणाले. "दुसरा ट्रक भरतोय. आता हात द्या आणि उठवा मला." भातेरावांनी त्यांना ओढून उभं केलं.

रविवारी आक्काचा फोन आला. भातेराव बटणं पुसत होते.

"ट्रक मिळाला," आक्काचा आवाज काहीसा जाड येत होता. "तुमच्या ड्रायव्हरने सगळं सांगितलं मला. भरल्या हॉलमध्ये सांगितलंस म्हणे, आपले डबे रिकामे होते म्हणून?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली."

"बरं." आक्का म्हणाली. मग, "आणि चाल पार बिघडवलीस. ड्रायव्हर मला म्हणून दाखवत होता. तिसऱ्या सुरावर कोण इतकं थांबतं? तो नुसता टेकायचा असतो."

"कसा? तूच म्हणून दाखव ना."

"आत्ता?" आक्का म्हणाली. "आत्ता कसं म्हणू रे? तोंडात घास आहे माझ्या."

भातेरावांनी फडकं खाली ठेवलं, बायकोला हाताने गप्प राहायची खूण केली, आणि आक्काचा तो घास गिळून होईपर्यंत ते फोन कानाला लावून ऐकत राहिले.